ऑफ तासाचं ग्रंथालयशास्त्र

डिसेंबर लागला की शाळेत तीन गोष्टी हमखास येतात. संमेलनाची वर्गणी, सहलीची एस.टी. आणि ग्रंथालयशास्त्राचे प्रशिक्षणार्थी. पहिल्या दोघींची शाळा डोळ्यांत तेल घालून वाट पाहते. तिसरे आले तर ते नेमके कशासाठी आलेत, हे शिपाईमामांपासून पर्यवेक्षकांपर्यंत कोणालाच कळत नाही. त्यांच्या हातात महाविद्यालयाचं पत्र असतं. 'वरील विषयास अनुसरून' म्हणून सुरू होणारं आणि 'सहकार्य करावे ही विनंती' म्हणून संपणारं. सदर विद्यार्थी बी.लिब. करत असून त्यांना आपल्या ग्रंथालयात प्रत्यक्ष कामाचा अनुभव द्यावा, एवढाच मजकूर मधे असतो. मुख्याध्यापक पत्र पूर्ण वाचतात, घडी घालतात आणि एकच प्रश्न विचारतात, "अक्षर कसं आहे?"

ह्या प्रश्नामागे अनुभव आहे. संमेलनाची प्रशस्तिपत्रकं लिहायची पडलेली असतात, फळ्यावरचा सुविचार रोज बदलायचा असतो आणि चित्रकलेचे सर नेमके मतदारयादीच्या कामावर गेलेले असतात. बी.एड.चे छात्राध्यापक आले तर त्यांना वर्ग द्यावे लागतात. ग्रंथालयवाल्यांना काय द्यायचं हे शाळेला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून त्यांना स्केचपेन दिले जातात. उरलेला वेळ त्यांनी ग्रंथालयात घालवायला शाळेची हरकत नसते.

हा उरलेला वेळ माझ्या वाट्याला येतो. मी ह्या शाळेचा ग्रंथपाल. कागदोपत्री अर्धवेळ. शाळेचा ग्रंथपाल अर्धा असावा की पूर्ण, हे आपल्या राज्यात मुलांच्या पटावरून ठरतं. पट भरपूर असला की पूर्णवेळ, कमी असला की अर्धवेळ, आणि त्याहून कमी असला की एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. अर्धवेळाचा पगार अर्धा, मुलं मात्र अख्खी येतात. अर्धवेळांना पूर्णवेळ करा म्हणून निवेदनं झाली, धरणी झाली, आणि ती होता होता कित्येकांची निवृत्ती पूर्णवेळ होऊन गेली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं असं बजावलं. वर्तमानपत्र हवं, मासिकं हवीत, सगळ्या विषयांची पुस्तकं हवीत, गोष्टीची पुस्तकंसुद्धा हवीत, इतकं बारकाईने लिहिलं. ती द्यायला-घ्यायला एक माणूस हवा, एवढं लिहायचं राहून गेलं. गोष्टीची पुस्तकं आपापली मुलांकडे चालत जातील, असा कायद्याचा विश्वास असावा.

तर ह्या अर्ध्या माणसाच्या हाताखाली ग्रंथपाल घडवायचे असतात.

येणाऱ्यांच्या तऱ्हा ठरलेल्या. एक जण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा असतोच. ग्रंथालय म्हणजे शांतता, शांतता म्हणजे अभ्यास, असा हिशेब मांडून त्याने हा अभ्यासक्रम घेतलेला असतो. मधल्या सुट्टीत पाचवी 'अ' ग्रंथालयावर चाल करून आली की हा हिशेब चुकतो. दुसरा संगणकवाला. हा चप्पल काढता काढता विचारतो, "सर, कोहा टाकू या का?" कोहा हे ग्रंथालयाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, आणि चांगलं सॉफ्टवेअर. पण शाळेतला चालू संगणक कार्यालयात असतो आणि त्यावर कसली ना कसली ऑनलाइन माहिती भरण्याचं काम जून ते मे चालू असतं. आमच्या खोलीतल्या संगणकाचा माउस प्रयोगशाळेने नेला, की-बोर्ड कोणी नेला ह्याची चौकशी चालू आहे, आणि राहिलेल्या पडद्यावर आम्ही 'शांतता राखा' चिकटवलंय. तिसरी, लग्न, मुलं, त्यांच्या शाळा हे सगळं मार्गी लावून पुन्हा शिकायला लागलेली एखादी ताई. तिला पुस्तकांच्या कोलन वर्गीकरणाची सूत्रं धड पाठ नसतात, पण रडं पोर गप्प कसं करायचं आणि गप्प पोर बोलतं कसं करायचं, ह्यात तिची डॉक्टरेट झालेली असते. ह्या तिघांत शाळेच्या ग्रंथालयाला लायक कोण, हे मला पहिल्या दिवशी कळतं. गुणपत्रिकेला ते कधीच कळत नाही.

पहिल्या दिवशी त्यांना खोली दाखवतो. ज्या वस्तूला शाळेत कुठेच जागा नाही तिला ग्रंथालयात जागा असते. गुंडाळून ठेवलेले नकाशे, भात्याला उंदराने भोक पाडलेली पेटी, आंतरशालेय ढाली, लेझमांचं गाठोडं, पोषण आहाराचा जुना वजनकाटा आणि मागल्या संमेलनातला थर्मोकोलचा रायगड. ह्यांच्यामागे पुस्तकांची कपाटं. कपाटांना काचा आहेत, त्यामुळे मुलांना पुस्तकं दिसतात. कुलपंही आहेत, त्यामुळे दिसण्यावरच भागतं.

"सर, कुलूप का?" संगणकवाला विचारतो.

कुलपामागे दुष्टपणा नाही, जमाखर्च आहे. शाळेत आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढतं, त्याला दाखल क्रमांक मिळतो. पडताळणीच्या वेळी त्या क्रमांकाचं पुस्तक हजर नसलं की उभं राहायची पाळी ग्रंथपालावर. पुस्तक का हरवलं, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. पुस्तक का वाचलं गेलं नाही, हे विचारणारा अजून जन्माला यायचाय. कपाटाबाहेर न गेलेलं पुस्तक कधी हरवत नाही, ही खूणगाठ ज्याने बांधली त्याची नोकरी निर्वेध पार पडते. आमच्या नोंदवहीत असे कैक ग्रंथ आहेत, ज्यांनी शाळेत रुजू झाल्यापासून एक दिवसाची किरकोळ रजाही घेतलेली नाही.

प्रशिक्षणार्थी हे ऐकून अस्वस्थ होतात, कारण ते रंगनाथन वाचून आलेले असतात. शि. रा. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. पुस्तकं वापरासाठी असतात, हा त्यातला पहिला. ही मंडळी तो मला म्हणून दाखवतात आणि कुलपाकडे बोट करतात. मी त्यांना सांगतो, पहिला सिद्धान्त रंगनाथनांचा, शेवटचा लेखापरीक्षकांचा. परीक्षेत पहिला लिहा, नोकरीत शेवटचा पाळला नाही तर काय होतं ते मला विचारा.

अभ्यासक्रमात वर्गीकरणाचा भलताच दबदबा. मेल्विल ड्यूई ह्या अमेरिकन गृहस्थाने १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा वर्गांत बसवलं. दहाचे शंभर केले, शंभराचे हजार, आणि तरी उरलेल्यांसाठी दशांश चिन्ह काढलं. गणित ५१०, स्वयंपाक ६४१.५, भुतंखेतं १३३.१. साहित्याला ८०० पासून पुढची अख्खी शंभरी. त्यात इंग्रजी साहित्याला ८२० ते ८२९ असा ऐसपैस वाडा. मराठी साहित्य कुठे, तर ८९१.४६, म्हणजे दशांश चिन्हाच्या पलीकडे पोटभाडेकरूच्या खोलीत. आणि त्याच खोलीच्या शेवटच्या कोपऱ्यात कोकणीची सोय. गोव्यात ह्या दोन भाषांवरून केवढं रण माजलं होतं. ड्यूईच्या पद्धतीने एका दशांशात दोघींची व्यवस्था लावून विषय संपवला.

आमच्याकडची निम्म्याहून जास्त पुस्तकं म्हणजे मराठी कथा-कादंबऱ्या, क्रमांक ८९१.४६३. प्रशिक्षणार्थी मान मोडून पुस्तकांच्या कण्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात, आणि काम संपवून लांबून बघतात तेव्हा कपाटभर एकच आकडा दिसतो. शास्त्राप्रमाणे हे अगदी बरोबर असतं. अडचण एवढीच, की पाचवीतलं पोर ८९१.४६३ मागत नाही.

"सर, ते निळं पुस्तक द्या."

मागणी संगणकवाल्याकडे आलेली असते. वाचकाचा प्रश्न आधी नेमका करून घ्यावा, हे त्याने 'संदर्भ सेवा' ह्या प्रकरणात वाचलेलं असतं.

"कोणतं निळं?"

"ज्याच्यात भूत असतं ते."

त्याचा चेहरा उजळतो. "भुताची गोष्ट हवी की भुतांविषयी माहिती?" माहिती असेल तर १३३.१, लोककथा असेल तर ३९८.२, लेखकाने रचलेली असेल तर पुन्हा ८९१.४६३. हे सगळं त्याच्या डोळ्यांत दिसत असतं.

"भूत असतं, पण ते चांगलं असतं."

"लेखकाचं नाव?"

"माहीत नाही. दिग्याकडे होतं."

"दिग्या कितवीत आहे?"

"तो गेला. त्याच्या पप्पांची बदली झाली."

संगणकवाला चिठ्ठीवर 'निळे, भूत (सज्जन), दिग्या' असं टिपून घेतो आणि विचारात पडतो. एवढ्यात ताई उठते, कपाटातली दिसतील ती चार निळी पुस्तकं काढते आणि पोरापुढे टेबलावर टाकते. "ह्यातलं आहे का बघ." पोर चारही चाळतं. "ह्यातलं नाहीये," म्हणतं, आणि त्यातलंच एक बगलेत मारतं. "हे नेऊ?" रंगावरून वर्गीकरण ही पद्धत ना ड्यूईला सुचली, ना रंगनाथनांना. शाळेत मात्र तिच्यावाचून पान हलत नाही.

मग येतात थकबाकीदार. पुस्तकं थकवण्यात मुलांचा हात कोणी धरू शकणार नाही, असं प्रशिक्षणार्थ्यांना वाटतं. देवघेव नोंदवही उघडली की त्यांचे डोळे पांढरे होतात. मुलांकडे बाकी चार-दोन पुस्तकं. बाकीची सगळी शिक्षकखोलीत. काही सरांनी पुस्तकं नेली, काही सर निवृत्त झाले, आणि ना-देय प्रमाणपत्र मागायला आल्यावर 'ते मी तेव्हाच आणून दिलं होतं' हे वाक्य मागे ठेवून गेले. एका उत्साही प्रशिक्षणार्थिनीने एकदा पुस्तकात दिलेल्या नमुन्याबरहुकूम सर्व थकबाकीदारांना स्मरणपत्रं काढली. त्यातलं एक थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेलं, कारण 'माध्यमिक शाळा संहिता' त्यांच्या नावावर कैक वर्षं होती. साहेबांनी तिला बोलावलं, बसवलं, चहा पाजला आणि शांतपणे समजावून सांगितलं. हे पुस्तक ग्रंथालयात ठेवलं तर शिक्षक ते वाचतील. शिक्षकांनी ते वाचलं तर कोणती रजा किती दिवस मिळते, हे त्यांना कळेल. ज्या पुस्तकाला शाळेत इतके गरजू वाचक आहेत, ते ड्रॉवरमध्येच सुरक्षित. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा रंगनाथनांचा तिसरा सिद्धान्त त्या दिवशी तिला उलट बाजूने समजला.

पण खरी परीक्षा ऑफ तासाला. हा तास वेळापत्रकात नसतो. एखाद्या बाई रजेवर जातात, पर्यवेक्षक वहीत '८ वी ब, ग्रंथालय' अशी नोंद करतात, आणि दोन मिनिटांत चौसष्ट मुलं जिन्याखालच्या खोलीत शिरतात. बरोबर निरोप असतो, 'शांत बसवा.' काय वाचायला द्या, असा निरोप आजवर आलेला नाही. अशा एका तासाला स्पर्धा परीक्षेवाल्याला मी एकटं सोडलं आणि दाराबाहेर उभा राहिलो. हा प्रशिक्षणाचा भाग आहे.

त्याने आधी बाकं मोजली. बाकं निम्म्यांना पुरेनात. मग 'किशोर'चे जुने अंक वाटले. 'किशोर' हे बालभारतीचं मासिक, १९७१ पासून निघतंय, आणि आमच्याकडचे अंक त्याच सुमारापासूनचे दिसतात. दर तिघांत एक अंक. पहिली पाच मिनिटं अंक कोणी धरायचा ह्यावर गेली, पुढची पाच कोड्यांवर. कोडी आधीच कोणीतरी बॉलपेनने सोडवलेली, आणि तीही चुकीची. ती कोणी सोडवली ह्यावर मागच्या बाकावर चर्चा सुरू झाली, आणि सोडवणारा बंड्याचा काका निघाला. मग गलका. "शांत बसा" हे वाक्य त्याने आधी विनंतीने म्हटलं, मग आज्ञार्थी, मग नुसतंच. शेवटी तो खुर्चीत बसला आणि सवयीने आपलं जाडजूड मार्गदर्शक काढून त्यात डोकं घातलं.

"सर, हे कशाचं पुस्तक?" पुढच्या बाकावरून आवाज आला.

"राज्यसेवेचं."

"म्हणजे तुम्ही कलेक्टर होणार?"

"डेप्युटी," तो म्हणाला. वर्ग गार झाला. उरलेला तास उपजिल्हाधिकाऱ्याला गाडी मिळते का, लाल दिवा गेला तो परत येईल का, तलाठ्याला ओरडता येतं का, असे प्रश्न चौसष्ट मुलांनी अत्यंत शिस्तीत विचारले. ग्रंथालयातल्या एकाही पुस्तकाला धक्का लागला नाही. घंटा झाल्यावर तो घाम पुसत बाहेर आला. "सर, हे आपलं काम नाही. ग्रंथपालाचं काम पुस्तकांचं."

अशा वेळी मी त्यांना रंगनाथनांचीच गोष्ट सांगतो, कारण ती परीक्षेला येत नाही. रंगनाथन मुळात ग्रंथपाल नव्हते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवायचे. १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत त्या सुन्या खोलीला इतके विटले, की मला परत शिकवायला घ्या म्हणून प्राचार्यांकडे गेले. त्यांना सांगण्यात आलं, आधी इंग्लंडला जाऊन शिकून या, तरीही नकोसं वाटलं तर बघू. लंडनला गेले, क्रॉयडनच्या ग्रंथालयात बर्विक सेयर्सच्या हाताखाली काम शिकले, गावोगावची ग्रंथालयं हिंडून पाहिली, आणि परत आले ते पक्के ग्रंथपाल होऊन. लंडनच्याच सेल्फ्रिजेस नावाच्या दुकानात मेकॅनोचं खेळणं बघून त्यांना कोलन वर्गीकरणाची कल्पना सुचली, असं सांगतात. म्हणजे ज्यांच्या नावाने १२ ऑगस्टला आम्ही ग्रंथपाल दिन करतो, हार घालतो, त्यांनाही आधी कंटाळा आला होता आणि कोणाच्या तरी हाताखाली प्रत्यक्ष काम करूनच तो गेला. आणि त्याआधी ते मुलांसमोर खडू घेऊन उभे राहिलेले होते, हे आपण सोयीस्कर विसरतो.

त्याही मागे जायचं तर बडोद्याला जावं लागतं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डेन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून आणवला. त्याने पुढच्याच वर्षी प्रशिक्षणवर्ग काढला. ग्रंथपाल शिकवून तयार करायचा असतो, ही कल्पनाच तेव्हा हिंदुस्थानात नवी होती. बॉर्डेन मायदेशी गेल्यावर संस्थानाचं ग्रंथालय खातं जनार्दन सखाराम कुडाळकरांनी सांभाळलं. संस्थानातल्या खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरायची. शंभर वर्षं उलटली, आणि आमच्या शाळेत जिन्याखालचं पुस्तक वरच्या मजल्यावरच्या वर्गात न्यायचं तर पर्यवेक्षकांची सही लागते.

प्रशिक्षणाची सांगता होते फायलीने. रोजची दैनंदिनी, रोजची माझी सही, शाळेचा शिक्का आणि फोटो. फोटो हल्ली ठिकाण-वेळ उमटणाराच लागतो, नाहीतर प्रशिक्षणार्थी शाळेत आले होते ह्यावर विद्यापीठाचा विश्वास बसत नाही. त्यामुळे एक दिवस फोटोसाठी राखून ठेवावा लागतो. मुलांना ओळीने बसवायचं, प्रत्येकाच्या हातात पुस्तक द्यायचं, हसू नका म्हणायचं, टिपायचं, आणि पुस्तकं गोळा करून कुलूप लावायचं. ह्याचा सराव शाळेला आहे. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा कलामसाहेबांचा जन्मदिवस आपण वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतो, आणि त्या दिवशीही प्रेरणा फोटो होईपर्यंत टिकते.

आमच्याकडे येणाऱ्या एका महाविद्यालयाने मात्र हौसेने एक पाठही ठेवलाय. सगळीकडे नसतो. प्रशिक्षणार्थ्याने मुलांचा एक तास घ्यायचा आणि त्यांच्या प्राध्यापकांनी मागच्या बाकावर बसून तो पाहायचा. असाच एक पाठ संगणकवाल्याच्या वाट्याला आला. वर्ग सातवी, विषय 'ग्रंथाचे भाग'. पाठ टाचण पाहण्याजोगं. उद्दिष्टं, अपेक्षित वर्तनबदल, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन, सगळं समासात. प्राध्यापक दुपारच्या गाडीने आले, कांदेपोहे झाले, मागच्या बाकावर फाइल उघडून बसले.

मुखपृष्ठ झालं, कणा झाला, शीर्षक पान, अनुक्रमणिका, शेवटची सूची झाली. पस्तीस मिनिटांचा तास बारा मिनिटांत संपला. टाचणात पुढे काही नव्हतं. गड्याच्या कपाळावर घाम. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या पोराने हातातलं पुस्तक वर धरलं. "सर, इथे मधेच शिक्का का मारलाय?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न विचारायचा नसतो, आणि विचारलाच तर 'नियम आहे' म्हणून सोडून द्यायचा असतो. पण तेवीस मिनिटं उरली होती. त्याने सांगून टाकलं. प्रत्येक ग्रंथालयाचं एक गुप्त पान असतं. पुस्तक आलं की शीर्षक पानावर शिक्का आणि दाखल क्रमांक घालतात, आणि तसाच ह्या गुप्त पानावरही. चोराने पहिलं पान फाडलं, तरी गुप्त पानावरून पुस्तक कोणाचं ते सिद्ध होतं. ते पान कितवं, हे फक्त ग्रंथपालाला माहीत असतं.

"आपलं कितवं?"

"सदतिसावं."

वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मागच्या बाकावर प्राध्यापक खोकले. मग चाळीस पुस्तकांची पानं एकदम फडफडली. पाठाच्या शेऱ्यात लाल शाईने आलं, 'गोपनीय बाबी विद्यार्थ्यांसमोर उघड करू नयेत', आणि गुण कापले गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या दारात ही गर्दी. सातवीने सहावीला सांगितलं होतं, सहावीने पाचवीला. ज्यांनी आजवर कपाटाच्या काचेत फक्त भांग पाडला होता, ती पोरं पुस्तकं मागत होती. कोणतं पुस्तक? कोणतंही. प्रत्येकाला सदतिसावं पान बघायचं होतं. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी कुठल्या पुस्तकावर शिक्का मारलाच नव्हता, कुठे उलटा मारला होता, कुठे छत्तिसाव्यावर, ही सगळी अनियमितता आठवडाभरात उजेडात आली. बत्तीसच पानांच्या पुस्तकात शिक्का कुठे असेल, ह्यावर दोन तट पडले आणि मुलींचा तट बरोबर निघाला. साठा पडताळणी म्हणून जे काम मला दिवाळीची सुट्टी घालवून करावं लागतं, ते पाचवी ते सातवीने एक पैसा न घेता पार पाडलं.

आणि मग एक जण टेबलाशी येऊन उभा राहिला. बोट सदतिसाव्या पानात.

"सर, हा माणूस विहिरीत उतरलाय. वर येतो का?"

"मला काय माहीत? अडतिसावं बघ."

त्याने पान उलटलं, उभ्या उभ्या वाचलं, मग लेझमांच्या गाठोड्यावर बसून वाचलं. घंटा झाली तेव्हा तो चाळिसाव्यावर होता. "घरी नेऊ?" त्या महिन्यात देवघेवीच्या वहीची पानं भराभर भरली. गुप्त पान बदलावं, असं मला वरून सुचवण्यात आलं. मी बदललं नाही. पाठाचे गुण मात्र कापले गेले ते गेलेच. ते परत देण्याची तरतूद नाही.

ह्या सगळ्यातून माझं एकच मत बनलंय. शाळेचा ग्रंथपाल हा आधी शिक्षक असतो आणि मग ग्रंथपाल, पण त्याला आपण शिकवतो नेमकं उलटं, आणि पहिलं तर शिकवतच नाही. बी.एड.वाल्याला सरावपाठ असतात, ग्रंथालय नसतं. बी.लिब.वाल्याला ग्रंथालय असतं, सरावपाठ बहुतेक ठिकाणी नसतात. अमेरिकेत अनेक राज्यांत शाळेच्या ग्रंथपालाला शिक्षकाचा परवाना लागतो. होऊ घातलेला ग्रंथपाल अनुभवी शालेय ग्रंथपालाच्या हाताखाली राहतो, मुलांचे तास घेतो, आणि विद्यापीठाचा माणूस येऊन ते तास बघतो. म्हणजे ज्या कामावर नेमायचं त्याच कामाची परीक्षा. तिकडेही सगळं आलबेल नाही. पैसे कमी पडले की तिथल्या शाळाही पहिली कुऱ्हाड ग्रंथपालावरच घालतात. पण निदान कुऱ्हाड कोणावर घातली हे त्यांना माहीत असतं.

आपल्याला फार मोठं काही करायला नको. महाविद्यालयांनी आपली मुलं एखाद्या शाळेत निदान दोन महिने ठेवावीत, फायलीचे गुण निम्मे करावेत आणि उरलेले गुण ऑफ तासाला द्यावेत. निरीक्षकाने कण्यावरचा क्रमांक नंतर बघावा. आधी तास संपल्यावर किती पोरं पुस्तक घेऊन बाहेर पडली, ती मोजावीत. पडताळणीला येणाऱ्यांनी हरवलेल्या पुस्तकांबरोबर न हललेल्या पुस्तकांचाही हिशेब मागावा. आणि पालकांना एक विनंती. पुढच्या पालकसभेला गणिताचे गुण विचारून झाले की एवढं विचारा, "आमच्या मुलाने ह्या महिन्यात घरी कोणतं पुस्तक नेलं?" त्याचं उत्तर नावानिशी देणारं माणूस शाळेत असेल, तर तुमच्या शाळेत ग्रंथपाल आहे. कपाटाकडे बोट दाखवलं, तर नुसतं कपाट आहे.